शुद्धिपत्रक

“शे नको! शे नको म्हणतो ना मी! ते शे काढून टाक आणि नुसतं काय ते सांग!”

खटावकरसाहेब टेलिफोनवर ओरडत होते. काळा रिसीव्हर त्यांनी कोंबडीची मान धरावी तसा दोन्ही हातांनी धरला होता. आवाज असा की भुसावळच्या यार्डात उभ्या मालगाडीच्या गार्डाला कुणीतरी हाक मारतंय असं वाटून त्याने हिरवा झेंडा दाखवला म्हणतात. पलीकडे वरच्या धरणाची चौकी होती, तीस-पस्तीस किलोमीटरवर. खरं तर साहेबांना फोनची गरजच नव्हती. खिडकी उघडली असती तरी भागलं असतं.

“पाणी काय? सोडेल. हं. सोडेल काय? परत शे! अरे, मराठी बोल, मराठी! ... हां. पाणी सोडेल. बस. लिहिलं.”

त्यांनी फोन ठेवला, शाईचं पेन उघडलं, दूरध्वनी संदेश नोंदवहीत वेळ घातली, अकरा चाळीस, आणि मोत्याच्या दाण्यांसारख्या अक्षरात लिहिलं: ‘धरण चौकीवरून. पाणी सोडेल.’ वर टिपकागद दाबला. मी शेजारच्या टेबलावर तोंडात रुमाल कोंबून हसत होतो. माझ्यामागे आणखी चार पाटील हसत होते.

कचेरी म्हणजे गिरणाकाठच्या एका तालुक्याची पंचायत समिती. तालुक्याचं नाव सांगत नाही, कारण त्या वेळचे दोघेतिघे अजून पेन्शन खातात आणि त्यांची पचनशक्ती मला बिघडवायची नाही. साल ऐंशीच्या दशकातलं, शेवटाकडचं. कचेरीत अकरा कारकून, त्यांतले नऊ पाटील. नुसतं “पाटील!” म्हटलं की अर्धी इमारत उठून उभी राहायची आणि पत्र्यावरची कबुतरंही दचकून उडायची. म्हणून कार्यालयीन अधीक्षक ना. वि. खटावकर यांनी आल्या आल्या आम्हाला नंबर घातले. मी पाटील क्रमांक सहा. पुढे पुढे तर आमच्या बायकाही घरी कचेरीतल्या कुणाविषयी बोलताना “चार नंबरच्या मुलीचं जमलं का?” असं विचारायच्या.

खटावकर साताऱ्याकडचे. अंगाने इतके बारीक की पंखा लावला की आधी कागदांवर दगड आणि मग साहेबांच्या खांद्यावर हात ठेवावा लागे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. निळं पेन आमच्यासारखं लिहायला. लाल पेन आमचं लिहिलेलं मारायला. बदली होऊन ते खानदेशात आले तेव्हा त्यांना वाटलं होतं की इथे मराठी बोलतात. पहिल्याच दिवशी आमच्या शिपायाने त्यांना सांगितलं, “साहेब, बठ्ठा लोके येल शेतस.” म्हणजे सगळे लोक आलेले आहेत. साहेब म्हणे पाच मिनिटं त्याच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी दोनच शब्द उच्चारले, “लेखी द्या.”

तेव्हापासून तोच कायदा. “तोंडी निरोप म्हणजे वारा,” ते म्हणायचे. “वाऱ्याची आवक-जावक करता येत नाही.” शिपायाला पाणी आणायला सांगायचं तरी चिठ्ठी: ‘पाणी. एक ग्लास. माठातले.’ शिपाई निरक्षर. तो चिठ्ठी घेऊन माझ्याकडे यायचा, मी वाचून दाखवायचो, तो पाणी न्यायचा. उन्हाळ्यात साहेबांना दिवसाला बारा ग्लास पाणी लागे, त्यामुळे माझं निम्मं सरकारी काम पाण्याचंच होतं. आणि त्यांच्याकडे गेलेला प्रत्येक कागद परत यायचा. लाल रेघ, वर दुरुस्ती, बाजूला बारीक सही. मोठ्या चुकीला आम्ही सगळ्यांनी मिळून शुद्धिपत्रक काढायचं: ‘अमुक ऐवजी तमुक असे वाचावे.’ त्यांचं नावच मग पडलं, शुद्धिपत्रक. ते त्यांनाही ठाऊक होतं. एकदा कुणीतरी भिंतीवर खडूने ते लिहिलं, तर साहेबांनी खाली उभं राहून वाचलं, आणि ‘शुद्धी’तली दीर्घ वेलांटी ऱ्हस्व करून पुढे गेले.

दोन नंबरच्या पाटलाची गोष्ट तर अमळनेरपर्यंत गेली होती. त्याचे वडील आजारी पडले, अगदी आता जातात की मग अशी वेळ. त्याने रजेचा अर्ज टाकला. परत आला: ‘आजारि’ नव्हे, ‘आजारी’. पुन्हा लिहिला. परत आला: ‘तिर्थरूप’ नव्हे, ‘तीर्थरूप’. तिसऱ्यांदा लिहिला तेव्हा समास सोडला नव्हता. चौथा अर्ज टेबलावर होता तेवढ्यात तीर्थरूप स्वतःच काठी टेकत कचेरीच्या दारात उभे राहिले. “तीन दिन जायात, पोऱ्या उना नही,” म्हणाले. वाट बघून बघून म्हातारा बरा झाला होता. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पाण्याची चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, “बघा. घाई केली असती तर?”

आम्ही वर्षभर या गोष्टीवर हसलो. आता ती सांगताना पहिल्यासारखं हसू येत नाही, पण गोष्ट चांगली आहे, सोडवत नाही.

मार्चमध्ये ते आमचे गोपनीय अहवाल लिहायचे. गोपनीय अहवाल हा ज्याचा त्याच्यापासूनच काय तो गोपनीय असतो, बाकी कचेरीला पाठ असतो. माझ्या अहवालात त्यांनी लिहिलं होतं, ‘कामात बरा. बोलताना अतिशयोक्ती करतो. लिहिताना त्याहून अधिक.’ सबंध नोकरीत माझ्याविषयी लिहिलेलं खरं वाक्य हे एकच. त्यांचा अहवाल गटविकास अधिकारी लिहायचे, म्हणजे आमचे बीडीओसाहेब. मराठवाड्यातले, गोरेगोमटे, सदा घाईत. कागद वाचण्यापेक्षा त्यावर ‘बोला’ एवढंच लिहायची त्यांना सवय. ‘बोला’ म्हणजे समक्ष येऊन सांगा, आणि समक्ष गेलं की ते जीपमध्ये बसलेले असायचे.

धरणाच्या चौकीवर फोन करणारा होता सुपडू. पन्नाशीचा, पाणी खात्याकडे रोजंदारीवर. पट्टीवरून पाण्याची पातळी वाचायची आणि खालच्या कचेऱ्यांना फोन करायचा, एवढं त्याचं काम. त्याला आकडे वाचता यायचे, अक्षरं नाही. फोनवर तो आणि खटावकर यांची रोज सकाळी कुस्ती व्हायची. त्या लाइनीत एक खरखर कायम असायची, शेऽऽ शेऽऽ अशी, कढईत पाणी पडल्यासारखी. साहेब म्हणायचे, “तारासुद्धा बिघडवल्या या लोकांनी!”

आता त्या अकरा चाळीसकडे येतो. यात माझं मीठमिरची काही नाही. घालायला जागाच नाही.

उन्हाळ्यात नदी कोरडी असायची आणि वाळूत भोई लोक टरबुजांच्या वाड्या लावायचे. झोपड्या घालून तीन-चार महिने नदीतच राहायचे. खालच्या गावांना प्यायचं पाणी हवं असलं की धरणातून नदीत पाणी सोडत. त्याचं दोन दिवस आधी पत्र यायचं, आम्ही गावांना कळवायचो, कोतवाल दवंडी द्यायचा, वाड्यांवरची माणसं सामान काठावर घ्यायची. वर्षानुवर्षं असंच चाललेलं. त्या वर्षी कुठल्या तरी मोठ्या गावाचे नळ अचानक आटले, वरून हुकूम आला, आणि पत्राबित्राची वाट न बघता भल्या सकाळी पाणी सोडलं. सुपडूने तेव्हापासून फोन फिरवला, लाइन लागली ती अकरा चाळीसला.

नोंदवही घेऊन साहेब बीडीओंकडे गेले. “पाणी सोडेल म्हणतात.”

“कधी सोडेल?”

“पत्र येईल. लेखी आल्याशिवाय तारीख कशी घालणार? तोवर गावांना पूर्वसूचना काढून ठेवतो.”

पूर्वसूचना मीच टंकली. ‘नदिपात्रातील सर्व संबंधितांनी.’ साहेबांनी लाल रेघ मारली, ‘नदीपात्रातील’. मी प्रती काढायचं नवीन स्टेन्सिल कापलं. तेव्हा स्टेन्सिल एकदा बिघडलं की पहिल्यापासून टंकावं लागे. दुसऱ्यात ‘सूचना’चा ऊकार. दीड वाजता जेवणाची सुट्टी झाली. मी डबा खाताना साहेबांची नक्कल केली, “शे नको! शे नको!” तीन नंबरच्या पाटलाला हसून हसून ठसका लागला. अडीच वाजता तिसरं स्टेन्सिल साहेबांच्या टेबलावर होतं. निर्दोष. त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. दोन वर्षांत पहिल्यांदाच. मला लाज वाटते, पण त्या क्षणी मला फार बरं वाटलं होतं.

पाणी तेव्हा वाड्यांत शिरून गेलेलं होतं.

काठावरच्या एका गुराख्याने लांबून पाण्याची रेघ पाहून आरोळी ठोकली होती. वाड्यांवरचे लोक भर उन्हाचे झोपड्यांत पडले होते. ते हसले म्हणे. दवंडी नाही आणि पाणी येईल कुठून? आमच्या कचेरीवर त्यांचा इतका विश्वास होता. डोळ्यांदेखत पाणी वळणावर आलं तेव्हा पळापळ झाली. सगळे काठावर चढले. कौतिक अक्का नावाची म्हातारी बियांचं गाठोडं राहिलं म्हणून मागे फिरली. पाणी कमरेएवढंही नव्हतं. पण म्हातारी होती, आणि वाळू पायाखालून जाते.

चौकशी बीडीओंच्या खोलीत झाली, चार दिवसांनी. सुपडूला बोलावलं होतं. तो धुतलेलं धोतर नेसून, टोपी हातात घेऊन भिंतीला टेकून उभा. खटावकर खुर्चीत ताठ. मी लिहून घ्यायला.

“काय सांगितलं होतंस तू फोनवर?” बीडीओंनी विचारलं.

“पानी सोडेल शे. तीन डाव सांगं, साहेब.”

बीडीओंनी नोंदवही वाचली. “पाणी सोडेल. इथेही तेच आहे. मग भानगड काय आहे? हा म्हणतो सोडेल, वही म्हणते सोडेल. सोडेल म्हणजे पुढे कधीतरी सोडेल. आज सोडलंय हे कुणी सांगायचं?”

“सोडेलच शे ना, साहेब,” सुपडू म्हणाला. त्याला प्रश्नच कळत नव्हता.

बीडीओ माझ्याकडे वळले. “तुम्ही इकडचे ना, पाटील? याच्या बोलीत याचा अर्थ काय होतो?”

मी म्हणालो, “सोडलेलं आहे, साहेब. सोडेल शे, म्हणजे सोडून झालंय.”

अकरा चाळीसला शेजारच्या टेबलावर बसून मी हे ऐकलं होतं, आणि हसलो होतो. खटावकरांनी नोंदवही स्वतःकडे ओढली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. मग ते सुपडूला म्हणाले, “तू शे म्हणाला होतास.”

“म्हनेल व्हतू ना, भाऊसाहेब. तुम्ही म्हनात, शे नको. मंग मी शे सोडी दिन्हं.”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. वरच्याने सांगितलं, खालच्याने ऐकलं. एवढंच.

बीडीओंनी फाइल मिटली. “भाषेचा दोष आहे. कुणाचा नाही.” पण भाषेला नोकरीवरून काढता येत नाही, आणि अहवाल वर जायचा होता. ‘निरोप देणाऱ्याने संदिग्ध शब्द वापरले’ असं वाक्य त्यांनी तोंडी सांगितलं, मी लिहिलं. त्या वाक्यात, मी पैजेवर सांगतो, व्याकरणाची एकही चूक नव्हती. आठवड्यात सुपडूला चौकीवर ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणून सांगण्यात आलं. तोंडीच.

खटावकरांनी त्याच दिवशी एक कागद बीडीओंकडे पाठवला. मला तो पाठ आहे. ‘शुद्धिपत्रक. दूरध्वनी संदेश नोंदवहीतील नोंदीत “पाणी सोडेल” ऐवजी “पाणी सोडेल शे” असे वाचावे. “शे” हे अक्षर निम्नस्वाक्षरीकाराने अशुद्ध समजून गाळले. निरोप देणाऱ्याने निरोप अचूक दिला होता. त्यास कामावर परत घेण्याबाबत वरिष्ठांस कळवावे.’

कागद परत आला. वर एकच शब्द: ‘बोला.’

साहेब आत गेले. दार अर्धं उघडं होतं. बीडीओ म्हणत होते, “खटावकर, दोन वर्षं राहिलीत तुमची. प्रकरण मिटलंय. तुम्ही हे लेखी दिलंत तर तुम्ही जाल, तुमच्यामागे मी जाईन, आणि म्हातारी काही परत येणार नाही. त्या रोजंदारीवाल्याचं काय, कुठेही लागेल कामाला.”

“तेवढंच लेखी द्या,” खटावकर म्हणाले.

“काय लेखी?”

“हेच. की प्रकरण मिटलंय.”

बीडीओ हसले आणि जीपकडे गेले.

तो कागद त्यांनी चार वेळा पाठवला. चारही वेळा ‘बोला’ घेऊन परत आला. तोंडी निरोप म्हणजे वारा म्हणणाऱ्या माणसाचा एकुलता एक खरा कागद वाऱ्यानेच परत आणून टाकला. मार्चमध्ये त्यांनी आपलं स्वयंमूल्यमापन भरलं. रकाना होता, ‘वर्षातील उल्लेखनीय कामगिरी’. आम्ही सगळे तिथे विहिरी, शाळाखोल्या, वृक्षारोपण असलं काहीबाही लिहायचो. मी तर एकदा एवढी झाडं लावली होती की तालुक्यात माणसांना राहायला जागा उरली नसती. साहेबांनी तिथे तीन शब्द लिहिले, ‘एक अक्षर गाळले.’ बीडीओंनी न वाचता खाली शेरा मारला, ‘अत्युत्कृष्ट’. सबंध नोकरीत त्यांना तो शेरा पहिल्यांदाच मिळाला. माझ्या हातून तो कागद जिल्ह्याला गेला.

त्यानंतर ते ओरडेनासे झाले. त्यांचं ओरडणं बंद झाल्यावर कचेरीला झोप येईना. लाल पेन खिशात असायचं, पण टोपण उघडायचं नाही. मी मुद्दाम एक पत्र चुकांनी भरून ठेवलं, ‘कार्यालय’चं ‘कार्यलय’ केलं. ते तसंच सही होऊन गेलं. मग मात्र मला भीती वाटली.

आणि त्यांनी एक नवीनच लावून घेतलं. कुणीही काहीही सांगो, साहेब वर बघून विचारायचे, “झालं की होणार?” “साहेब, चहा आलाय.” “झालं की होणार?” “साहेब, आमची बैठक आहे.” “झालं की होणार?” चार नंबरच्या पाटलाने मुलीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं, तर त्यालाही हेच. तो बिचारा घाबरून घरी गेला आणि मुलगी आहे ना घरात, बघून आला.

फोनची तर दहशतच बसली. घंटा वाजली की कुणी उठायचं नाही. साहेबच उचलायचे. बोलणं संपलं, पलीकडच्याने फोन ठेवला, तरी हे रिसीव्हर कानाला लावून बसायचे. एकदा मी जवळ जाऊन म्हटलं, “साहेब, ठेवा ना. बंद झालाय.” त्यांनी रिसीव्हर माझ्या कानाला लावला. लाइनीत ती जुनी खरखर होती. शेऽऽ. शेऽऽ. शेऽऽ. मी आयुष्यात पुष्कळ भुतं पाहिलेली आहेत, काही तर उधारीवर गोष्टी सांगायला शेजाऱ्यांनाही दिली आहेत. पण त्या दुपारी लख्ख उजेडात माझ्या अंगावर जो काटा आला तो गावाकडच्या पिंपळाखालीसुद्धा कधी आला नव्हता. ती खरखर सुपडू बोलत असतानाही होती. साहेब रोज कान लावून हेच शोधत होते, की त्या खरखरीतून सुपडूचं शे वेगळं कसं काढायचं.

सुपडू दुसरीकडे कुठे कामाला लागला नाही. एसटी स्टँडच्या बाहेर निंबाखाली पोतं अंथरून टरबुजं विकायला बसला. मी एकदा भडगावची गाडी पकडायला गेलो तर त्या पोत्याच्या कडेला खटावकर बसलेले. पांढरा शर्ट, दोन पेनं, मांडी घातलेली. मला वाटलं माफी मागतायत. मी एका रिकाम्या टपरीआड थांबलो. चोरून ऐकणं हा माझा जुना दोष, तो अहवालात यायचा राहिला.

“पाणी सोडेल शे,” साहेब म्हणत होते.

“पानी,” सुपडू म्हणाला. “णी नको. नी. जीभ मांगे नको लई जाऊ.”

“पानी सोडेल शे.”

“दबक्या आवाजमा काय सांगतस, भाऊ? कोन ऐकी? शे म्हना, शे. तोंड उघाडीसन म्हना!”

“अप्पा, तुम्ही म्हणा. मी मागून म्हणतो.”

अप्पा. आणि तुम्ही. फोनवर दोन वर्षं जो ‘तू’ होता. सुपडूने टरबुजावर थाप मारून ते पिकलंय का पाहिलं आणि कंटाळून म्हणाला, “पानी सोडेल शे.” खटावकरांनी मागून म्हटलं. पुन्हा म्हटलं. स्टँडवरची माणसं बघायला लागली. माझी गाडी गेली.

ते निवृत्त झाले तेव्हा आम्ही शाल-श्रीफळ दिलं. बीडीओ बदलून गेले होते, नव्यांनी भाषणात ‘शुद्धलेखनाचे भीष्माचार्य’ वगैरे म्हटलं. साहेब उत्तराला उठले आणि म्हणाले, “सुपडू अप्पांचा कागद माझ्या खणात आहे. पाचवी प्रत. क्रमांक सहांनी जावक करावी.” बसले. मी दुसऱ्या दिवशी ती जावक केली, नव्या साहेबांची सही घेऊन, बाकीच्या तीस कागदांत सरकवून. नवे साहेबही न वाचता सही करणारे निघाले, देव त्यांचं भलं करो. वरून काही उत्तर आलं नाही. सुपडू निंबाखालीच राहिला.

खटावकर साताऱ्याला परत जातील असं सगळ्यांनी धरलं होतं. सामानही बांधलं होतं. पण ते गेले नाहीत. नदीच्या बाजूला एक खोली घेऊन राहिले. माझी धुळ्याला बदली झाली आणि आमचा संबंध तुटला. पुढे एकदा काही कामाने जुन्या कचेरीत गेलो तेव्हा मी दप्तरखान्यातून ती नोंदवही काढली. धूळ झटकली. अकरा चाळीसची ओळ तशीच होती, मोत्यासारखी. ‘सोडेल’पुढे टिंबाच्या आधी, लाल शाईत, एक बारीकसं अक्षर घुसवलेलं. बाजूला सही. बंद झालेल्या नोंदवहीत लिहिणं हा गुन्हा आहे, आणि त्यांच्या सबंध कारकिर्दीत त्यांच्या स्वतःच्या अक्षरावर लाल शाई मी तेवढीच पाहिली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, मी धुळ्याहून एसटीने येत होतो. पुलाच्या अलीकडे गाडीचा टायर बसला. ऊन असं होतं की कंडक्टरने टोपी काढली तर डोक्यावर पापड भाजून निघाला असता. आम्ही उतरून पुलाच्या कठड्याशी उभे राहिलो. खाली कोरडी नदी, टरबुजांच्या हिरव्या वाड्या, झोपड्या.

आणि काठावरून एक काटकुळा म्हातारा ओरडत निघाला होता.

“पानी सोडेल शेऽऽ! उठा रे! पानी सोडेल शेऽऽ!”

आवाज फाटका होता, पण शे मात्र लख्ख. तोंड उघडून. सातारा त्यात कुठे शोधून सापडला नसता. ते काठाकाठाने चालत होते, थांबत होते, तोंडाशी हात धरत होते. शर्ट पांढरा. खिशात फक्त एक पेन. मी वरून हाक मारली, “साहेब! क्रमांक सहा!” त्यांनी वर बघितलं. ओळखलं की नाही मला सांगता येत नाही. हाताने मला मागे हो अशी खूण केली, जणू मीही नदीतच उभा होतो, आणि पुढच्या वळणाला निघून गेले. मग फक्त ते शे ऐकू येत राहिलं, बारीक होत होत.

मी खाली उतरलो. वाडीवरची सगळी माणसं उठून काठावर येऊन उभी होती. हातात डबे, गोधड्या, एका बाईच्या कमरेला पोर आणि काखेत कापडी गाठोडं. कौतिक अक्काची सून, हे मला तिथल्याच एकाने सांगितलं. नदीत वरपासून खालपर्यंत वाळू नुसती चमकत होती. पाण्याचं नाव नव्हतं.

मी तिला विचारलं, “आज पाणी सोडलंय?”

“नही. हाऊ बाबा दरसाल येस. आठ-आठ दिन रोज येस.”

“रोज? आणि पाणी नाही हे तुम्हाला माहीत असतं?”

“माहीत ऱ्हास.”

“मग उठता कशाला?”

तिने गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं.

“एक डाव उठनूत नही,” ती म्हणाली.